ते झोप म्हणत होते

माझ्या यजमानांना अर्धांगाचा झटका येऊन आता तीन वर्षं होत आली. उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय काठीच्या आधाराने बराचसा परत आला, हात आला नाही. पण सगळ्यांत मोठं नुकसान झालं ते बोलण्याचं. त्यांना समजायचं सगळं. बातम्या, नातेवाइकांची बोलणी, माझी कुरकुर, काहीच सुटायचं नाही. फक्त मनातला शब्द तोंडाशी येईपर्यंत बदलून जायचा. पाणी हवं असलं तर ‘पोळी’ म्हणायचे, आणि आपण भलतंच बोललो हे त्यांचं त्यांनाच लगेच कळायचं. तेव्हाचा त्यांचा चेहरा मला बघवायचा नाही. म्हणून मी घाईघाईने म्हणायचे, “पाणी ना? आणते, आणते.” मला वाटायचं, मी त्यांना त्रासातून सोडवते आहे.

मी पंचवीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मूल अडखळलं की पुढचा शब्द पुरवायचा, ही सवय अंगातच भिनलेली.

हे इथल्याच, सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात डिझाइन करायचे. आधी चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून, आणि पुढे कॉम्प्युटरवर. चादरीवरचा मोर किंवा टॉवेलच्या काठावरची वेल मागावर चढायच्या आधी ह्यांच्या डोळ्यांखालून जायची. आमच्या घरात कॉम्प्युटरचं खातं कायम त्यांच्याकडे. मला ईमेलपुरतं यायचं, तेही त्यांनी शिकवलेलं. निवृत्त होताना त्यांनी एक चांगला लॅपटॉप घेतला आणि आयुष्यभराची सगळी डिझाइनं त्यात भरून ठेवली.

झटक्यानंतर तोच लॅपटॉप आमच्या उपयोगाला आला. बोलणं परत आणण्याचे उपचार करणाऱ्या एक मॅडम पुण्यात आहेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकरा वाजता त्या पडद्यावर यायच्या. चित्रं दाखवायच्या, अर्धं वाक्य म्हणायच्या आणि थांबायच्या, उरलेलं ह्यांनी म्हणायचं. ह्यांची खिडकीजवळ एक खुर्ची आहे, हातांना टेकू असलेली. तिच्यापुढे स्टुलावर लॅपटॉप ठेवायचा आणि मी बाजूला बसायचे. आठवड्यातले ते दोन तास सोडले तर ह्यांना कशाचीच ओढ उरली नव्हती. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र ते नऊपासूनच धुतलेला शर्ट घालून बसायचे.

त्या लॅपटॉपवर बरेच दिवस एक सूचना येत होती. नवी आवृत्ती तयार आहे, अपग्रेड करा. मी दर वेळी ‘नंतर’ दाबायचे. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी, पाण्याचा दिवस होता, मी मागे पिंप आणि बादल्या भरत होते. आत येऊन बघते तर पडदा निळा आणि मधोमध गोल फिरतंय. ह्यांनी डाव्या हाताने ‘होय’ दाबलं होतं.

“अहो, कोणी सांगितलं होतं नको ते दाबायला?” मी ओरडलेच.

ते माझ्याकडे बघून काहीतरी सांगायला लागले. “ते… ते… जुनं. जुनं… दार.” मग मान हलवली, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा ‘दार’च आलं.

“राहू दे,” मी म्हणाले. “आता ह्याला हात लावू नका.”

जुन्या आवृत्तीला सुरक्षेची दुरुस्ती मिळणं लवकरच बंद होणार होतं आणि म्हणून त्यांनी ते केलं होतं, हे मला पुष्कळ नंतर मुलीकडून समजलं. ‘दार’ हा शब्द तसा फारसा चुकलेला नव्हता.

दोन-अडीच तासांनी लॅपटॉप नव्या रूपात सुरू झाला. खालची चिन्हं मध्यभागी आली होती, रंग बदलले होते, पण सगळं चालत होतं. मी निःश्वास टाकला.

शुक्रवारी अकराला मॅडम आल्या. दहा मिनिटं चित्रं झाली, मग त्यांनी वाक्यं घेतली. “काका, सकाळी उठल्यावर आपण पितो गरम गरम…” असं म्हणून त्या थांबल्या.

ह्यांनी डोळे मिटले. शब्द शोधताना ते डोळे मिटतात. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. बराच वेळ गेला. मी स्वतःला आवरून धरलं होतं, कारण मॅडमची तशी ताकीद होती. आणि मग ते स्वच्छ म्हणाले, “चहा.”

डोळे उघडून त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मॅडमचं चित्र गोठलेलं होतं, तोंड अर्धवट उघडं आणि एक हात हवेत. त्यांनी ऐकलंच नव्हतं. काही क्षणांत चित्रही गेलं आणि खालच्या कोपऱ्यात वायफायच्या पंख्यासारख्या खुणेच्या जागी एक गोल चिन्ह आलं.

“मी ऐकलं ना,” मी म्हणाले. “छान म्हणालात.”

त्यांनी डावा हात उडवला. तुझं ऐकणं काय कामाचं, असाच त्याचा अर्थ होता, आणि त्यांचंही खरं होतं.

मी वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं. लागलं. सात-आठ मिनिटं चाललं आणि परत गेलं. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मॅडमनी फोन करून सांगितलं की आज राहू दे, मंगळवारी बघू. मोबाइलवर घेऊ का, असं मी विचारलं. एकदा आम्ही तसं करून पाहिलं होतं. झटक्यानंतर ह्यांना उजव्या बाजूचं कमी दिसतं. छोट्या पडद्यावर चार चित्रांतली दोन त्यांना सापडायचीच नाहीत, आणि ते चिडून मोबाइल उलटा ठेवायचे. मॅडमच नको म्हणाल्या.

संध्याकाळी मी बेंगळुरूला मुलीला फोन लावला. ती कामावरून घरी चालली होती.

“आई, रीस्टार्ट केलंस?”

“चार वेळा.”

“राउटर बंद करून चालू केलास?”

“केला.”

“मग त्या वायफायचं नाव विसरायला लाव आणि परत पासवर्ड टाक.”

तेही केलं. मग तिने मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून बघायला सांगितलं. जोडलं, आणि दहा मिनिटांत तेही तुटलं. ती म्हणाली, “आई, मी पुढच्या महिन्यात येते तेव्हा बघते. नाहीतर दुकानात दाखव.” तिच्या आवाजात थकवा होता. मी जास्त ताणलं नाही.

शनिवारी रिक्षा करून आम्ही दोघं नवी पेठेच्या मागच्या गल्लीत एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. ह्यांना न्यायची गरज नव्हती, पण लॅपटॉपची बॅग त्यांनी सोडलीच नाही. मांडीवर घेऊन बसले. दुकानातला माणूस चांगला होता, त्याने ह्यांना आधी खुर्ची दिली. लॅपटॉप उघडून थोडं बघितलं आणि म्हणाला, “मावशी, अपग्रेडनंतर असं होतं कधीकधी. सगळं पुसून नव्याने टाकतो. चार-पाच दिवस ठेवावा लागेल. आतला डेटा आधी काढून ठेवलाय ना तुम्ही?”

‘पुसून’ हा शब्द ऐकल्याबरोबर ह्यांनी डाव्या हाताने लॅपटॉप बंद केला आणि छातीशी धरला. मी त्यांना समजावत होते, दुकानदारही म्हणत होता की डेटा काढून देतो. ते मान हलवत राहिले. “झोप,” ते म्हणाले. “झोप. झोप.”

“दमले असतील उन्हाचे,” दुकानदार म्हणाला.

मलाही तेच वाटलं. आम्ही घरी आलो, मी त्यांना पंख्याखाली झोपवलं. ते छताकडे बघत पडून राहिले.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक अण्णा राहतात. टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले, सत्तरीच्या पुढचे. मूळचे सांगोल्याकडच्या एका वस्तीवरचे, घरात शेळ्या-मेंढ्या आणि थोडी शेती. भावकी अजून तिकडेच आहे. नोकरीने ते सोलापुरात आले आणि बायको गेल्यावरही इथेच राहिले. जिन्यात भेटलो की “काय बाई, बरंय का?” एवढंच आमचं बोलणं. रविवारी सकाळी मी खाली दूध घ्यायला गेले तेव्हा सहज विचारलं, “अण्णा, तुमच्या घरी नेट नीट चालतंय का?”

“मला कशाला पायजे नेट?” ते हसले. “का, काय झालं?”

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “लॅपटॉपातलं मला शष्प कळत न्हाय बाई. पण दोष कुटं हाय ते हुडकायचं काम मी छत्तीस वर्षं केलंय. येऊ का वर?”

ते चष्मा आणि एक जुना पक्कड-पान्ह्याचा डबा घेऊन आले. डबा काही लागणार नव्हता, पण त्याच्याशिवाय ते कामाला जात नसावेत. आल्या आल्या त्यांनी ह्यांना नमस्कार केला. “सायब, बगू का जरा तुमचं यंत्र?” ह्यांनी त्यांच्याकडे नीट पाहून मान डोलावली. झटक्यानंतर घरी येणारी माणसं ह्यांच्याविषयी माझ्याशी बोलायची. अण्णा पहिल्यापासून त्यांच्याशीच बोलले. तेव्हा मला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

“आधी मला सांगा, कुटंपत्तुर चांगलं हाय?” अण्णांनी विचारलं. त्यांनी माझा मोबाइल लॅपटॉपच्या शेजारी ठेवायला लावला आणि दोन्हीवर एकाच वेळी व्हिडिओ लावला. लॅपटॉपचा नऊ मिनिटांत थांबला, मोबाइलचा चालू राहिला.

“म्हंजे हितंपत्तुर लाइन नीट हाय. राउटरचा काय गुन्हा न्हाय.” मग त्यांनी लॅपटॉप सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. “थेट वायर घालायची जागा न्हाय का ह्याला?”

“नाही. बारीक मॉडेल आहे, त्याला ते भोकच ठेवलेलं नाही.”

“काय जमाना हाय,” ते म्हणाले, आणि वही मागितली.

वहीत त्यांनी मला लिहायला बसवलं. किती वाजता जोडलं, किती वाजता तुटलं, लॅपटॉप कुठे होता, काय चालू होतं. त्या दिवशी अकरा नोंदी झाल्या. खुर्चीसमोर आठ मिनिटं, नऊ मिनिटं, सहा मिनिटं. मग आम्ही लॅपटॉप आतल्या खोलीत राउटरशेजारच्या टेबलावर नेला, तिथे चार्जर लावून ठेवला आणि बघत बसलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. तुटलंच नाही.

“सापडलं,” अण्णा म्हणाले. “मधी भिंत हाय. ह्या नव्या आवृत्तीला भिंत सोसंना.”

मला फार आनंद झाला. मी लगेच चहा टाकला. हे खुर्चीतून हात करत होते. “झोप,” ते म्हणाले, आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. आतल्या खोलीत टेबलाला लागूनच त्यांचा पलंग आहे. त्यांना आडवं व्हायचंय असं समजून मी त्यांना धरून आत नेलं. तिथे गेल्यावर ते पलंगावर बसेनात, टेबलाकडे वळायला लागले. मी म्हणाले, “अहो, चालू आहे ते, नका हात लावू.” आणि त्यांना झोपवलं.

सोमवारी अण्णांनी राउटरच आतल्या खोलीतून बाहेर आणला. नवी वायर आणून, भिंतीला खिळ्यांच्या क्लिपा ठोकून, खिडकीच्या कडेने इतकी सरळ नेली की ती आता भिंतीचाच भाग वाटते. तीन तास लागले. त्या वयात स्टुलावर चढून हात वर धरून काम करताना त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. राउटर ह्यांच्या खुर्चीपासून दोन हातांवर आला. लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि व्हिडिओ लावला.

सात मिनिटांत तुटलं.

कपाळावरचा घाम पुसून अण्णा खाली जमिनीवर बसले. मला रडूच यायला लागलं. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. ह्यांचा धुतलेला शर्ट मी सकाळीच इस्त्री करून ठेवला होता.

“झोप,” हे म्हणाले.

“हो, हो, थांबा जरा,” मी म्हणाले.

“झोप!” ते जोरात म्हणाले. चेहरा लाल झाला होता. “त्याला… झोप! झोप!”

मी उठले, काठी त्यांच्या हातात दिली आणि काखेत हात घातला. “चला, आत चला. तुम्ही पडा जरा.”

त्यांनी काठी फेकली. जोरात नाही, तेवढी ताकदच नव्हती, पण फेकली. ती फरशीवर घरंगळत अण्णांच्या पायाशी गेली. तीन वर्षांत त्यांनी असं कधीच केलं नव्हतं. मीही भडकले. “काय करू मी अजून?” असं काहीतरी ओरडले. काय काय बोलले ते आज आठवतही नाही, आणि बरं आहे की आठवत नाही.

अण्णांनी काठी उचलली आणि खुर्चीला टेकवून ठेवली.

“बाई,” ते हळू म्हणाले, “बसा जरा. सायबास्नी झोप आली न्हाय. काल बी आली नव्हती. ते दुसरंच कायतरी सांगायलेत.”

मी उभीच राहिले.

“‘त्याला’ म्हणले की आत्ता,” अण्णा म्हणाले. “‘मला’ न्हाय म्हणले.”

मग ते ह्यांच्या खुर्चीसमोर, जमिनीवरच, मांडी घालून बसले. “सायब, कुणाला झोप? यंत्राला?”

ह्यांनी एवढ्या जोरात मान डोलावली की मला मानेची भीती वाटली. “यंत्र… हां. यंत्र. झोप.”

“मग उटवायचं कसं त्याला?”

ह्यांनी लॅपटॉपकडे डावा हात केला आणि माझ्याकडे बघितलं. परवानगी मागितल्यासारखं बघितलं. ज्या माणसाने मला माउस धरायला शिकवला, तो आपल्याच लॅपटॉपला हात लावण्यासाठी माझ्याकडे बघत होता. मी स्टूल पुढे सरकवलं.

त्यानंतर जे झालं त्याला वीस मिनिटं तरी लागली असतील. नव्या आवृत्तीत सगळ्या जागा बदललेल्या, डाव्या हाताचं बोट टचपॅडवरून घसरत होतं, आणि उजवीकडे उघडलेलं त्यांना पटकन दिसत नव्हतं. दोनदा भलतीच खिडकी उघडली. दोनदा माझा हात पुढे गेला आणि दोन्ही वेळा अण्णांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. हे डोकं तिरपं करून पडद्याची उजवी बाजू शोधत, एकेक पाऊल पुढे जात होते. लॅपटॉपच्या आतल्या सगळ्या भागांची एक यादी उघडली. त्यात वायफायच्या कार्डाचं नाव त्यांनी शोधलं, त्याची माहिती उघडली आणि शेवटच्या पानावर थांबले. तिथे एक इंग्रजी ओळ होती आणि तिच्यापुढे बरोबरची खूण. त्या ओळीवर बोट ठेवून ते माझ्याकडे वळले.

मी वाचलं आणि अण्णांसाठी मराठीत सांगितलं, “वीज वाचवण्यासाठी हा भाग बंद करायची कॉम्प्युटरला परवानगी आहे.”

“आँ?” अण्णा म्हणाले. “म्हंजे त्यो आपआपला वायफायला झोपवतोय?”

“झोप,” हे म्हणाले. या वेळी शांतपणे. मग बोट चार्जरकडे नेलं, आणि आतल्या खोलीकडे.

अण्णांनी मांडीवर थाप मारली. “बगा! म्हणून टेबलावर टिकत हुतं. तितं चार्जर हुता. हितं खुर्चीपाशी बॅटरीवर चालतंय. भिंतीचा काय संबंध न्हाय! वहीत जागा लिवली आपण, चार्जर लिवलाच न्हाय.” ते स्वतःवरच हसायला लागले. “आन् मी हितं तीन तास खिळं मारलं.”

ह्यांनी ती खूण काढली आणि खालचं बटण दाबलं. आम्ही व्हिडिओ लावला आणि तिघंही बसून राहिलो. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. कुठल्याशा बागेत फुलं उमलतानाचा व्हिडिओ होता, तो संपून दुसरा लागला, तिसरा लागला. अण्णांनी मध्येच खात्री म्हणून चार्जर लावून काढून बघितला. एक तास झाला तरी तुटलं नाही.

अण्णा गेल्यावर मी ह्यांच्यापाशी बसले. दोन वेळा मी त्यांना झोपवलं होतं. दोन्ही वेळा त्यांना उत्तर माहीत होतं आणि ते छताकडे बघत पडून राहिले होते. मी म्हणाले, “माझं चुकलं.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग काहीतरी म्हणायला गेले आणि ‘भाकरी’ म्हणाले. स्वतःच हसले. मी काय ते विचारलं नाही, ओळखायचाही प्रयत्न केला नाही. थोड्या वेळाने त्यांनी दुसऱ्यांदा प्रयत्न केला. “भा… भांडण. संपलं.”

मंगळवारी मॅडम आल्या. नेहमीप्रमाणे त्यांनी आधी विचारलं, “काका, या आठवड्यात काय काय केलं?” एरवी ह्या प्रश्नाला मीच उत्तर द्यायचे. ह्यांचा दिवस मलाच माहीत, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी मी उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत राहिले.

मागे शांतता होती. खूप वेळ. खाली भंगारवाल्याची गाडी आली, ओरडत गेली. मग ह्यांचा आवाज आला. “नेट… मी… नीट.” जरा थांबून, “मी केलं.”

“तुम्ही केलं?” मॅडम म्हणाल्या. “एकट्याने?”

“अण्णा,” ते म्हणाले. “अण्णा. आणि मी.”

माझं नाव त्यात नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

पुढे मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, काकांचा चुकलेला शब्दसुद्धा रस्त्यातलाच असतो, जवळपासचा. तो टाकून देऊ नका, त्याच्या आजूबाजूला बघा. मी ते पाळते, पण नेहमी जमत नाही. अजूनही भाजी वाढताना माझ्या तोंडून “मीठ ना?” निघून जातं, आणि त्यांना हवं असतं लिंबू. आता ते काठी फेकत नाहीत. हात वर करून मला थांबवतात. मी थांबते.

अण्णा दुपारी वर यायला लागले. ह्यांनी त्यांना लॅपटॉपवरची जुनी डिझाइनं दाखवली. मोर, कोयऱ्या, हत्ती, आणि कारखान्याने कधी न घेतलेलं एक मेंढरांच्या कळपाचं डिझाइन. ते बघून अण्णा एवढे खूश झाले की त्यांनी त्यातल्या मेंढरांच्या जाती सांगायला सुरुवात केली. ही काळ्या तोंडाची आमच्याकडची, ही न्हाय, ही कुटल्यातरी डोंगरातली. हे ऐकत होते आणि मध्ये मध्ये एकेक शब्द टाकत होते. काही बरोबर, काही चुकीचे. अण्णा दोन्हींना सारखंच उत्तर द्यायचे.

दिवाळीनंतर अण्णा पुतणीच्या लग्नासाठी गावी गेले ते पंधरा दिवस झाले तरी आले नाहीत. एका दुपारी मी जेवणाची भांडी घासत होते. बाहेर ह्यांचा मोबाइल वाजल्यासारखा वाटला म्हणून हात पुसत आले. तो वाजत नव्हता. ह्यांनीच कुणाला तरी फोन लावला होता आणि स्पीकर चालू केला होता. झटक्यानंतर त्यांनी स्वतःहून लावलेला तो पहिला फोन.

पलीकडून अण्णांचा आवाज आला, मागे कुठेतरी शेळी ओरडत होती. “हॅलो? कोण, सायब का?”

ह्यांनी डोळे मिटले होते. अण्णांना ते दिसत नव्हतं. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, पण त्यांनी फोन ठेवला नाही.

“बोला सायब,” ते म्हणाले. “मला काय घाई न्हाय. मी हाय हितंच.”

मी दारातच थांबले.

“क…” हे म्हणाले. “कधी… येणार?”

“सोमवारी येतो की!” अण्णा म्हणाले. “डाळिंबं आणतो दोन किलो. तुमी कसं हाय?”

हे पुन्हा शब्द शोधायला लागले. मी स्वयंपाकघरात परत गेले आणि नळ बारीक केला, ह्यांचा आवाज अण्णांना नीट ऐकू जावा म्हणून. फोन बराच वेळ चालला.